कोर्ट भरलं की फोडणी बंद

आमच्या घरात कोर्ट भरलं की फोडणी बंद असायची. हा नियम सरकारचा नव्हता, तात्यांचा होता. तात्या म्हणजे माझे वडील. अमरावतीच्या आमच्या घराच्या पुढच्या ओसरीवर आई उडदाचे पापड वाळत घालायची. एके दिवशी पापड उचलले गेले आणि तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि हिरवं कापड आलं, आणि तात्या ऑनररी मॅजिस्ट्रेट होऊन त्या खुर्चीत बसू लागले. ओसरी आणि चूल यांच्यामध्ये एक माजघर आणि एक दार, एवढंच काय ते अंतर. पहिल्याच आठवड्यात तात्या एका कोंबडीचोराला शिक्षा सुनावत असताना आईनं आत मिरचीची फोडणी घातली, आणि 'सरकारच्या नावानं' हे शब्द उच्चारता उच्चारता तात्यांना अशी शिंक आली की पागोटं टेबलावर आणि दौत मांडीवर. चोर हसला, म्हणून त्याला शिक्षा जरा वाढवून मिळाली. त्या दिवसापासून कोर्ट भरायच्या आधी कादर शिपाई माजघराच्या दारातून आत ओरडायचा, "बाईसाब, कोरट चालू! चूल्हा संभालो!" आणि मग बाहेर जाऊन आरोपीला पुकारायचा. दुपारपर्यंत न्यायदान चाले, आणि आम्ही पोरं बिनफोडणीचं वरण खात ते ऐकत असू. न्यायाची चव तेव्हापासून मला अळणीच लागते.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण माझा धाकटा भाऊ. त्यानं तात्यांचं चरित्र छापलं आहे. कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, 'वकील, कायदेकर्ते व न्यायाधीश', आणि आत तात्यांचा फोटो, हात पुस्तकावर ठेवलेला. भावानं मोठ्या भक्तीनं लिहिलं आहे. ज्या काळाबद्दल मी सांगणार आहे तेव्हा तो पाळण्यात होता आणि त्याचा सगळा वेळ स्वतःचा अंगठा चोखण्यात जात होता, त्यामुळे त्या काळाबद्दल त्यानं एकच वाक्य लिहिलं आहे: 'कापसाच्या बाजारातील गुप्त व्यवहार मोडून त्यांनी तेथे शिस्त आणली.' हे वाचताना मला हसून असा ठसका लागला की सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तिला वाटलं सासूबाईंच्या घशात सुपारी अडकली. आता पन्नाशी उलटलेल्या बाईनं बापाच्या चरित्राला हसावं हे बरं नव्हे. पण मला बोलायची हौस आहे, आणि ती मला तात्यांकडूनच आली आहे, म्हणून त्यांनीच ती सोसावी.

तेव्हा अमेरिकेत कुठेतरी भाऊ भाऊ एकमेकांना मारत होते, आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडात लोकांना पैशाचं काय करावं हे कळेनासं झालं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याची किंमत आली. हंगामात पहाटेपासून गाड्यांच्या कण्यांचं करकरणं, बैलांच्या घागरमाळा, आणि आळीआळीतून रेच्यांचा रडका आवाज, कारण घरोघरी बायका सरकी काढत बसलेल्या. कापसाची म्हातारी उडून दह्यात पडे, पोरांच्या नाकात जाई, देवघरातल्या बाळकृष्णाला मिशा फुटत. लोकांनी काय काय घेतलं त्या दिवसांत! मोर्शीकडच्या एका पाटलानं पियानो आणला आणि त्यात बियाणं साठवलं. आम्हीही काही कमी नव्हतो. तात्यांनी मुंबईहून काचेचं झुंबर मागवलं. आमच्या बैठकीचं छत इतकं बुटकं की ते टांगल्यावर बसलेल्या माणसाच्याच डोक्याला लागे, आणि आलेला प्रत्येक पक्षकार आधी झुंबराला नमस्कार केल्यासारखा वाकून मग तात्यांना करी. तात्यांना ते आवडे. दोन्ही नमस्कार आपल्यालाच आहेत असं ते धरून चालत.

या सगळ्या उलाढालीत भाव मात्र कोणी तोंडानं बोलत नसे. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, पण अख्खा बाजार उपरण्याखाली चालायचा. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसत, दलाल मध्ये. हातावर उपरणं टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरत. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, हात सोडून दिला की सौदा मोडला, मनगटावर थाप पडली की झाला. वरून पाहणाऱ्याला दिसणार काय, तर तीन गंभीर चेहरे आणि वळवळणारं कापड. कापसापुरतंच नव्हे, जे जे तोंडानं बोलायला लाज वाटे ते ते वऱ्हाडात उपरण्याखाली जाई. बैलाचं वय, लग्नातली देणीघेणी, आणि वकिलाची फी. तात्या तर त्यात वाकबगार. ब्राह्मणानं मोठ्यानं फी मागणं शोभत नाही म्हणून ते पक्षकाराशी वेदान्तावर बोलत, आणि शालीखाली बोटं आपलं काम करत. आई सांगायची की एका जमिनीच्या दाव्यात त्यांच्या एकाच शालीखाली डाव्या हातात वादी होता आणि उजव्या हातात प्रतिवादी. मला वाटे आई चेष्टा करते. पुढे तात्यांना जवळून पाहिल्यावर ती त्यांना सांभाळून घेत होती असं वाटू लागलं.

तात्यांना ही पक्षकार मंडळी आणून देत होता माझा सदुमामा, आईचा पाठचा भाऊ, मूळचा तेल्हाऱ्याचा. लहानपणी तापात त्याची वाचा गेली ती परत आली नाही. ऐकू सगळं यायचं, नको तेही यायचं. असा माणूस दलाल झाला नसता तर नवल, कारण जो धंदा तोंड मिटूनच करायचा तो त्याच्याइतका मिटून कोण करणार? गरीब बिचारा मुका वगैरे काही डोळ्यांसमोर आणू नका. लाल पागोटं, कानात भिकबाळी, हिना अत्तर इतकं की मामा वळणावर असतानाच मांजर शिंकायला लागे. सोंगट्या खेळताना बेधडक लबाडी करी आणि पकडलं तर अपमान झाल्यासारखं तोंड करून उठून जाई. बाजारच्या कमिटीचा पितळी बिल्ला तो गळ्यात रेशमी दोऱ्यात घाली, जसा काही तो त्याला पेशव्यांनी दिला होता. आम्हा पोरांशी तो बोटांनीच बोले. आकड्यांपलीकडे त्या भाषेत काही नाही, पण आकड्यांत किती मावतं हे मामाकडून शिकावं. घरात आला की तो माझा हात उपरण्याखाली घेई आणि एक बोट दाबी, म्हणजे भूक एका भाकरीची आहे. तळवा चोळला की समजायचं, आज तात्यांचं डोकं ठिकाणावर नाही.

शिस्त आली ती एका साहेबाच्या घोड्यावरून. जिल्ह्याचा मोठा साहेब एकदा बाजारातून चालला होता, तात्या छत्री घेऊन बाजूला. जागोजाग दोन दोन बाप्ये कापडाखाली हातात हात घालून बसलेले पाहून साहेबानं विचारलं, हे काय चाललं आहे? सांगितल्यावर तो म्हणाला, प्रामाणिक व्यवहार लपवायचा कशाला, मोठ्यानं बोलावं. बास. साहेबाला त्या वेळी ऊन लागत होतं, त्यानं ते बोलून घोडा हाकलला आणि बहुधा विसरूनही गेला. तात्या विसरले नाहीत. ते नुकतेच कमिटीवर नेमले गेले होते. कमिटीतले निम्मे लोक बैठकीत झोपत आणि उरलेले तात्यांचं भाषण संपायची वाट पाहत, त्यामुळे कायदा करायला तात्या एकटेच जागे होते. चार दिवस त्यांनी मसुदा लिहिला. लिहिताना ते आमच्या घरात पुण्याच्या मराठीत बोलू लागले. जेवताना आईला म्हणाले, "किंचित कढी वाढता का?" आईनं पळी हातातच धरली आणि माझ्याकडे पाहिलं, कोण पाहुणे आले म्हणून.

मसुदा पुरा झाल्यावर त्यांनी तो आम्हाला बैठकीत बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. उपरणे, धोतर, शेला, शाल, रुमाल वा अन्य वस्त्र, हात वा हाताचे बोट, सगळं त्यात होतं. शिवाय 'ही बोटांची भाषा सभ्य माणसास अवगत नसते' असंही होतं. शेवटी होतं, की प्रत्येक दलालाने भाव स्वमुखाने व उच्च स्वराने पुकारावा, न पुकारील त्याचा बिल्ला जप्त होऊन त्यास बाजारात बंदी व्हावी. आई अंबाडी निवडत होती. तिचे हात थांबले.

"स्वमुखानं म्हंजे?"

"म्हणजे स्वतःच्या तोंडाने."

"अन् सदूचं कसं?"

तात्यांनी मसुदा पुन्हा चाळला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या माणसानं त्यांना पहिला पक्षकार आणून दिला, जो रोज दुपारी त्यांच्या पंक्तीला जेवत होता, तो बोलू शकत नाही हे त्यांना कायदा लिहिताना आठवलं नव्हतं.

"दुसऱ्या कोणाकडून पुकारा करवला तं चालन का?" आई म्हणाली. "तो एक शब्द काढून टाका. भाव पुकारावा, एवढंच ठिवा."

तात्यांनी कागदाकडे पाहिलं, मग छताकडे, आणि झुंबर डोक्याला लागू नये म्हणून मान खाली घेतली. "तो शब्द तिथे शोभतो," ते म्हणाले.

मी आजवर पुष्कळ कायदे वाचलेले नाहीत. पण जेव्हा जेव्हा एखाद्या कायद्यानं कोणाचं घर बसल्याचं ऐकते तेव्हा मला वाटतं, यातला कोणता तरी शब्द कोणाला तरी शोभला असणार.

नियम झाला, साहेबानं शाबासकी दिली, आणि ज्यानं कायदा केला त्यानंच तो चालवावा म्हणून तात्यांना मॅजिस्ट्रेटही केलं. बाजारानं नियमाचं काय केलं? काहीच नाही. लोक पूर्वीसारखेच उपरण्याखाली बोलत. शिपाई येताना दिसला की झटकन हात काढून घेत आणि तोंडाला येईल तो भाव बोंबलत. शिपाई पुढे गेला की पुन्हा कापड. सगळा बाजार असा खोटं ओरडून खरा ठरला. मामाला मात्र ओरडता येईना. शिपाई आला तेव्हा त्यानं हात तेवढा काढला आणि तोंड मिटून बसून राहिला. अख्ख्या अमरावतीच्या बाजारात गुन्हेगार सापडला तो एकच, आणि तो मॅजिस्ट्रेटसाहेबांचा मेहुणा निघाला.

खटल्याच्या दिवशी मोठ्या साहेबाच्या हाताखालचा छोटा साहेब मुद्दाम पाहायला आला. एतद्देशीय न्यायाधीश आपल्या नातलगाला कसा वागवतो याची त्याला उत्सुकता होती. ओसरीवरची एकुलती खुर्ची त्याला दिली गेली, तात्या पाटावर बसले आणि उंच दिसावं म्हणून खाली घरातली सातूच्या पिठाची पोती घातली. साहेबाशेजारी त्याचा मुन्शी. कादरनं आत ओरडून चूल बंद करवली. आई आणि मी माजघराच्या दाराआड. मामा समोर उभा, लाल पागोटं, गळ्यात बिल्ला, अत्तर नेहमीपेक्षा जास्त.

"आरोपी," तात्या पुण्याच्या मराठीत म्हणाले, "गुन्हा कबूल आहे की नाकबूल? मोठ्याने बोला."

मामानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईकानं वाळू मिसळलेल्या कापसाकडे पाहावं. आळीतली माणसं ओट्याखाली दाटली होती, ती हसली. साहेबानं मुन्शीला विचारलं, हा उत्तर का देत नाही? मुन्शी म्हणाला, गूँगा है हुजूर. साहेब म्हणाला, मग दुभाषी बोलवा. हे सगळ्या जगाला सुचेल असंच होतं, फक्त तात्यांना सुचलं नव्हतं. आता मामाची बोली जाणणारा दुभाषी कोण? कादरनं मान खाजवली आणि मोठ्या निरागसपणे म्हणाला, "हुजूर, इनकी बोली तो बाईसाब जानती हैं."

त्या काळी आमच्या घरातली बाई ओसरीवर येणं म्हणजे छप्पर उडण्यासारखं. आई आली नाही. ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला, आणि पदराखाली हात पुढे केला. मामा उंबऱ्यापाशी गेला आणि त्यानं पदराखाली हात दिला. भर कोर्टात, साहेबासमोर, ज्या गोष्टीसाठी खटला होता तीच गोष्ट. तात्यांचं तोंड उघडलं. आई आतूनच म्हणाली, "नेमात बाजार लिवला हाय. माजघर नाई लिवलं." तात्यांचं तोंड मिटलं.

मामाचं कोपर हललं. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यानं हात काढून घेतला. आणि आई बोलू लागली.

"तो म्हणते, दाजी, तुमी अमरावतीले आले तवा तुमच्या डोक्यावर पागोटं होतं तेबी सासऱ्याचं. पयलं कूळ मी आणून देल्लं. तुमची फी ठरवाले माझाच हात तुमच्या शालीत होता, तवा तो चांगला होता, आता काहून वाईट झाला? तो म्हणते, बाजारात सारेच हात घालून बसून राहिले होते. शिपाई आला अन् साऱ्यायनं खोटा भाव बोंबलला. मले खोटं बोंबलता येत नाई, म्हणून मी एकटा चोर. तो म्हणते, तुमाले कायदा करायचाच होता तं माझ्यासंग जेवाले बसत होते तवा एकडाव माझ्या तोंडाकडे पाहून घ्याचं होतं. तो म्हणते..."

"पुरे!" तात्या पुण्याची मराठी विसरले. "येवढं सारं तो कवा म्हणला? त्यानं तं दोनच बोटं दाबली!"

ओट्याखालची आळी एक पायरी वर सरकली.

"बाप्पा!" आई म्हणाली. "पदर माझा, हात त्याचा. दोनच बोटं दाबली हे तुमाले बाहेरून कसं समजलं? तुमी तं सभ्य."

मुन्शीला खोकला आला. साहेबानं त्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या, आणि मुन्शीनं खोकतच काहीतरी वेगळं सांगितलं असावं, कारण साहेबानं नुसती मान डोलावली. आई अगदी सोज्वळ आवाजात पुढे म्हणाली, "माझा भाऊ थोडक्यात बोलते."

मला त्या क्षणी वाटलं, मामा सुटला. मी दाराआड उड्या मारल्या आणि पाळण्याला धक्का लागून भावी चरित्रकार भोकाड पसरून रडू लागला. पण मी तात्यांना ओळखत नव्हते. हसणाऱ्या माणसांकडे आणि खुर्चीतल्या साहेबाकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. त्यांची पुढली बढती त्या खुर्चीत बसली होती. त्यांनी शब्द जुळवले. न्याय नातं पाहत नाही, कायदा सर्वांना समान, मन व्यथित आहे. व्यथित म्हणताना हात छातीवर. साहेबाला ते फार आवडलेलं दिसलं. इकडे आई दारातून नाहीशी झाली होती. तात्या उठून उभे राहिले, "सरकारच्या नावानं..." म्हणाले, आणि आतून चर्रर्र असा आवाज आला.

तशी फोडणी मी पुन्हा कधी पाहिली नाही. आईनं वर्षाची सांडगी मिरची एका कढईत घातली होती. धूर माजघर ओलांडून ओसरीवर आला. साहेब उठला, रुमाल नाकाला लावून पायऱ्या चुकत उतरला. मुन्शी मागोमाग. आळी खोकत पांगली, झुंबर बैठकीत किणकिणू लागलं असं मला वाटतं, पण ते माझं मागाहूनचं सजवणं असेल. तात्या डोळे पुसत, शिंकत, रिकाम्या खुर्चीसमोर शिक्षा पुरी वाचत होते. बिल्ला जप्त. बाजारात बंदी. मामानं स्वतःच दोरा गळ्यातून काढला आणि बिल्ला टेबलावर ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आमच्या सगळ्यांच्याच वाहत होतं, आणि कोणाचं कशामुळे हे मिरचीच्या कृपेनं कोणाला विचारावं लागलं नाही.

मी आईला नंतर विचारलं, मामा खरंच एवढं सगळं म्हणाला का गं? ती चुलीपाशी फडक्यात भाकऱ्या बांधत होती, वर जवसाची चटणी. "दोन म्हणाला," ती म्हणाली. "वाटेसाठी दोन बांधून दे." निकाल काय लागणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्याच दुपारी तो गाडीत बसून अकोल्याला गेला.

बिल्ला ओसरीवरच्या कोनाड्यात पडून राहिला, कोर्टाचा जप्त माल म्हणून. आई दर शनिवारी पूजेच्या उपकरण्यांबरोबर तोही चिंचेनं घासून परत ठेवी. आणि तिनं घरात तात्यांचा नियम लागू केला. तात्या हळूच म्हणत, जरा इकडे या. आई जागेवरूनच विचारी, "काय म्हंता? मोठ्यानं बोला, नेम हाय." तात्यांना आणखी पोळी हवी असो की पोट साफ होण्याचा काढा, सगळं उच्च स्वरानं पुकारावं लागे. आळीला आमच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कोठ्याची रोजची हालहवाल कळू लागली. कादर ओट्यावर बसून कोर्टात डोलवावी तशी मान डोलवायचा.

अशात माझं लग्न निघालं. मुलगा अचलपूरचा, भिक्षुकीचं घर, पण पेठेत वजन. मुलगा कसा आहे हे मी विचारलं नाही. त्यांच्या घरी पितळी कड्यांचा झोपाळा आहे एवढं कळलं होतं आणि तेवढ्यावर माझं मन बसलं होतं. मुलाचे वडील अंताजीपंत बोलणी करायला आले. गोरे, लठ्ठ, शांत. लग्नाच्या बोलण्याला मामा हवाच, म्हणून आईनं अकोल्याला निरोप धाडला होता आणि मामाही आला होता. तो ओसरीच्या कोपऱ्यात लाह्या खात बसला होता, तात्यांकडे न पाहता. तात्याही त्याच्याकडे न पाहता. दोघांच्या मध्ये तो कोनाडा.

फराळ झाला, हवापाणी झालं, वेदान्त झाला. मग अंताजीपंतांनी रीतीप्रमाणे उपरणं पसरलं आणि त्याखाली हात पुढे केला. तात्यांचा हात सवयीनं निघाला, अर्ध्यावर पोचला.

"मोठ्यानं होऊ द्या," आई दाराआडून म्हणाली. "नेम हाय."

अंताजीपंत चपापले. "मोठ्यानं? हे? चार लोकांत?"

"आमच्या घरचाच नेम हाय जी. त्यायनंच केला."

तात्यांनी घसा साफ केला. तासन्तास बोलणाऱ्या त्या माणसाला शब्द सापडेना. किती देता, हे भर ओसरीवर, ओट्याखाली आळी कान टवकारून उभी असताना, मोठ्यानं कसं विचारायचं? सांगायचं कसं? अंताजीपंतांचा हात उपरण्याखाली तसाच पडून होता आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या. "आमाले बोलावून चेष्टा कराची होती का?" म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, उठायला. मी आत नवं लुगडं नेसून बसले होते. झोपाळा पितळी कड्यांसकट डोळ्यांदेखत उडून जाऊ लागला. मी आईचा पदर ओढला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, पण तिचा ओठ दाताखाली होता, तेव्हा मला कळलं की तीही घाबरली आहे. तिनं सौदा ताणला होता आणि आता तिला तो सोडता येत नव्हता.

मामानं लाह्या झटकल्या. उठून मध्ये येऊन बसला. स्वतःचं पिवळं, अत्तराचं उपरणं त्यानं अंताजीपंतांच्या उपरण्यावर पसरलं, आपला उजवा हात त्याखाली त्यांच्याकडे दिला आणि डावा तात्यांच्या बाजूला ठेवून दिला. बोलावलं नाही, खुणावलं नाही. नुसता ठेवला. ज्या जागी तो आरोपी म्हणून उभा होता बरोबर त्याच जागी.

तात्यांनी दाराकडे पाहिलं. दार गप्प होतं. त्यांनी कादरकडे पाहिलं. कादरला एकदम आढ्यावर पाल दिसली. मग माझ्या वडिलांनी, अमरावतीच्या ऑनररी मॅजिस्ट्रेटांनी, आपला हात उपरण्याखाली घातला.

कापड बराच वेळ हललं. अंताजीपंतांच्या कपाळावरची आठी गेली, परत आली, परत गेली. शेवटी मामानं एकाच वेळी दोघांच्या मनगटावर थाप मारली आणि उपरणं उचललं. माझं लग्न ठरलं होतं. काय ठरलं हे ना आळीला कळलं ना मला, आणि मी आजपर्यंत कोणाला विचारलेलं नाही. आपला भाव माहीत नसणं हे सुखाचं असतं. अंताजीपंत खूश होऊन म्हणाले, "वा! असा दलाल तुमच्या बाजारात काहून नाई, तात्यासाहेब?"

"न्यायाधीशाले विचारा," दार म्हणालं.

दलालाला दलाली द्यावी लागते. मामानं कोनाड्याकडे बोट केलं. तात्या बसून राहिले, मग उठले, स्वतःच्या हातानं बिल्ला काढला आणि मामापुढे धरला. आईनं घासघासून तो असा लखलखीत ठेवला होता की त्यात तात्यांचं तोंड दिसत असणार. मला वाटलं, आता मामा तो गळ्यात घालील. मामानं बिल्ला धोतराला पुसला, उलटसुलट करून पाहिला. अकोल्याच्या बाजारात कोणी बिल्ला विचारत नव्हतं आणि तिथे त्याचं छान चाललं होतं. तो उठला, ओसरीवरून उतरला, घराला वळसा घालून परसात गेला, आणि तिथे रवंथ करत उभ्या असलेल्या आमच्या म्हशीच्या गळ्यात त्यानं तो बांधून टाकला.

नियमाचं पुढे काही झालं नाही. तो अजून कुठेतरी असेल. अमेरिकेतली लढाई संपली, भाव असा कोसळला की तो मोठ्यानं सांगायची कोणाला इच्छा राहिली नाही, आणि अमरावतीचा बाजार अजूनही उपरण्याखालीच बोलतो. तात्या मात्र चढत गेले. एका संस्थानात न्यायाधीश झाले, मग कायदे करणाऱ्या मंडळात त्यांना खुर्ची मिळाली, आणि भाऊ लिहितो की तिथे त्यांच्या भाषणांनी लोक मंत्रमुग्ध होत. होत असतील. तिथे माजघर नव्हतं.

मी सासरी जाईपर्यंत म्हशीच्या गळ्यात तो बिल्ला होता. ती मान हलवी तेव्हा तो साखळीवर वाजे, ठण, ठण, आणि ओसरीवर कोर्ट भरलेलं असलं की तात्या वाक्याच्या मध्येच क्षणभर थांबत. तो सगळ्या बाजारात एकच बिल्ला असा होता, की ज्याच्या मालकानं कधी खोटा भाव पुकारला नाही.